एका घरात दोन नवी मांजरे : ओळख क्रमाने व्हावी, घाईने नव्हे

आपल्या मराठवाड्यातील खेड्यात मांजर पाळले जात नसे. ते घरात असे. ज्वारीची कणगी आली, हरभऱ्याची पोती आली, वेचणीचा कापूस खोलीत रचला गेला, की उंदीर येत आणि उंदरांच्या मागोमाग मांजर येई. त्याला कोणी निमंत्रण देत नसे, नाव ठेवत नसे, लस तर दूरच राहिली. चुडाव्यासारख्या रेल्वेच्या गावात हे चित्र अजूनही पुष्कळ घरांतून दिसते. तथापि अलीकडे त्यात एक बदल झाला आहे. मुले हट्टाने पिल्लू घरी आणतात, आणि एकाला करमणार नाही म्हणून दुसरेही आणतात. ताईचे एक, दादाचे एक. कधी एक पिल्लू शेतातील आखाड्यावरून आलेले असते, तर दुसरे नांदेडच्या नातेवाइकांनी पिशवीत घालून दिलेले असते.

वाचकहो, मी माणसांचा डॉक्टर आहे, मांजरांचा नव्हे. मांजरांचे आजार हे पशुवैद्यकाचे क्षेत्र, त्यात मी शिरत नाही. परंतु दोन मांजरांचे भांडण घरात पेटले, की त्याचा शेवट बहुधा माझ्या टेबलावर होतो. सोडवायला गेलेल्या आजोबांचा सुजलेला हात, कुशीत घेऊ पाहणाऱ्या मुलीच्या गालावरील ओरखडा, आणि त्यांच्यासोबत आलेला आईचा भेदरलेला प्रश्न, ‘डॉक्टर, पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील का?’ यांतील बहुतेक जखमा टाळता येण्याजोग्या असतात. त्या टाळण्याचा मार्ग औषधाच्या कपाटात नसून मांजरांची ओळख कशी करून दिली यात आहे. म्हणून हा लेख.

मांजर ओळखते ते नाकाने

आपल्या घरगुती मांजराचा पूर्वज आफ्रिका व पश्चिम आशियातील रानमांजर होय. सायप्रस बेटावरील उत्खननात माणसाच्या शेजारी पुरलेले एक मांजर सापडले असून ते दफन सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे आहे. म्हणजे धान्य साठवू लागलेल्या माणसाशी मांजराची सोबत शेतीइतकीच जुनी आहे. मात्र या एवढ्या काळात त्याने एक जुनी सवय सोडलेली नाही. ते एकट्याने शिकार करते. कुत्रा टोळीत राहणारा प्राणी. त्याच्याजवळ भांडण मिटवण्याचे, मान खाली घालून माघार घेण्याचे अनेक संकेत असतात. मांजराजवळ अशी सामग्री फार थोडी. एकट्या शिकाऱ्याला जखम परवडत नाही, म्हणून अनोळखी मांजरापासून दूर राहणे हाच त्याचा पहिला उपाय असतो. दूर जाण्यास वाट उरली नाही, तरच ते लढते.

मांजराच्या गालांवर, हनुवटीवर आणि पंजांच्या तळव्यांत गंधग्रंथी असतात. दाराच्या चौकटीला, बाजेच्या पायाला किंवा आपल्या पायाला ते गाल घासते, तेव्हा ते त्या वस्तूवर स्वतःच्या वासाची मोहोर उमटवत असते. ज्या जागेला आपला वास आहे ती सुरक्षित, असा त्याचा साधा हिशेब आहे. मांजर पिल्लांना सात घरे दाखवते असे आपल्याकडे म्हणतात. त्यातील सातचा आकडा सोडून द्या. पण जागा निर्धोक वाटली नाही की पिल्लांसह बिऱ्हाड हलवायचे, हे निरीक्षण अगदी खरे आहे.

याचा अर्थ मांजरे एकत्र राहूच शकत नाहीत, असा नाही. अन्न मुबलक असेल तेथे नात्यातल्या मांजरी एकत्र राहतात व एकमेकींची पिल्लेही सांभाळतात. परंतु त्या सर्वांचा वास एक झालेला असतो. आपल्याला घरात नेमके हेच घडवून आणायचे आहे.

दोन्ही नवी असली तर?

‘दोघेही नवे, म्हणजे घरावर कोणाचाच हक्क नाही, मग भांडण कशाचे?’ असा युक्तिवाद मी पुष्कळदा ऐकतो. तो अर्धाच खरा आहे. जुन्या मांजराच्या राज्यात नवे आले, की हक्काचा संघर्ष होतो. तो येथे नसतो. पण येथे दोन्ही जीव घाबरलेले असतात. जागा अनोळखी, माणसे अनोळखी, कुकरची शिट्टी अनोळखी. अशा भीतीच्या क्षणी समोर दुसरे मांजर दिसले, तर ती सारी भीती त्या मांजराशी जोडली जाते आणि पुढे महिनोन् महिने सुटत नाही. म्हणून आधी घराची ओळख, मग एकमेकांची, हा क्रम सोडू नये.

एकाच आईची, एकत्र वाढलेली भावंडे असतील, तर त्यांना वेगळे करण्याचे कारण नाही. तीन-चार महिन्यांच्या आतील पिल्ले लवकर जुळतात. वयात आलेले, नसबंदी न झालेले दोन बोके मात्र सर्वांत अवघड.

आणण्यापूर्वी पशुवैद्यकाकडे

निराळ्या ठिकाणांहून आलेली दोन मांजरे पहिले दोन आठवडे वेगळी ठेवावीत. यामागे स्वभावाइतकेच आरोग्याचेही कारण आहे. मांजरांत पॅनल्युकोपेनिया नावाचा विषाणूजन्य आजार असतो. उलट्या, जुलाब आणि पांढऱ्या पेशींची घसरण यांमुळे लहान पिल्ले दोन-चार दिवसांत दगावतात. शिवाय हा विषाणू घरातील वस्तूंवर अनेक महिने तग धरतो. शिंका व डोळ्यांतून पाणी येणारी सर्दीही एकाकडून दुसऱ्याकडे चटकन जाते. वरून धडधाकट दिसणाऱ्या पिल्लातही आजार दबून असू शकतो. बहुधा तो या दोन आठवड्यांत प्रकट होतो.

या आजारांवरील एकत्रित लस साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सुरू होते व ठरावीक अंतराने पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास, आणि पुढे पशुवैद्यकाने सांगितलेल्या वेळी न चुकता. जंतांचे औषध आणि पिसवांचा बंदोबस्त त्याच भेटीत करून घ्यावा. एक इशारा येथेच देतो. कुत्र्यांसाठी मिळणारी पिसवांची काही औषधे पर्मेथ्रिनयुक्त असतात व ती मांजराला प्राणघातक ठरतात. कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. मांजरी चार-पाच महिन्यांतच गाभण राहू शकते आणि जवळपास नऊ आठवड्यांत विते. तेव्हा ‘अजून लहान आहे’ म्हणत नसबंदी लांबवली, तर घरात दोनाची सहा होण्यास वेळ लागत नाही. नसबंदीने बोक्यांची मारामारी, भिंतींवर मूत्र फवारणे आणि रात्रीची भटकंती हे तिन्ही कमी होतात. गावातील पशुवैद्यकीय दवाखान्यात मांजरांची लस उपलब्ध नसल्यास परभणीचे पशुवैद्यक व पशुविज्ञान महाविद्यालय आपल्या जिल्ह्यातच आहे. तेथे चौकशी करावी.

दोन खोल्यांचे घर असले तरी

शहरी पुस्तकांतून ‘प्रत्येक मांजराला स्वतंत्र खोली’ असे लिहिलेले असते. आपल्याकडे दोन खोल्या व एक ओसरी एवढेच घर असते, तरीही हे जमते. एकाला आतली खोली, दुसऱ्याला बाहेरची. मधले दार बंद. रात्री सर्वांना एकाच खोलीत निजावे लागत असेल, तर जाळीचा मोठा पिंजरा वा स्वच्छ धुतलेले खुराडे काही दिवस दुसऱ्याचे घर होऊ शकते. मात्र त्यावर चादर टाकून आडोसा करावा आणि दिवसा त्या मांजराला मोकळे फिरू द्यावे. एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. उन्हाळ्यात पत्र्याच्या बंद खोलीत मांजर कोंडू नये. परभणीच्या वैशाखात अशी खोली दुपारी भट्टी होते आणि उष्माघात मांजरालाही होतो.

प्रत्येकाजवळ पुढील वस्तू स्वतंत्र असाव्यात : पाण्याचे भांडे, जेवणाचे भांडे, निजण्याचे फडके, लपायला पुठ्ठ्याचे खोके, चढून बसायला फडताळ किंवा पेटी, आणि शौचासाठी वाळूचे घमेले. घमेल्यांचा नियम सोपा आहे : जितकी मांजरे, त्याहून एक अधिक. दोन मांजरांना तीन. घमेले जेवणाजवळ ठेवू नये आणि दोन घमेली शेजारी शेजारीही ठेवू नयेत. एका मांजराने वाट अडवली, की दुसरे बिचारे अंथरुणावर उरकते, आणि शिक्षा त्यालाच होते.

ओळखीच्या पाच पायऱ्या

पहिली : घराची ओळख. प्रत्येक मांजर आपल्या खोलीत निवांत खाऊ लागेपर्यंत, अंग चाटून स्वच्छ करू लागेपर्यंत आणि आपल्या पायाला गाल घासू लागेपर्यंत दुसऱ्याचा विषय काढू नये. यास कधी दोन दिवस लागतात, कधी दहा.

दुसरी : वासाची देवाणघेवाण. मऊ सुती फडके एकाच्या गालांवरून हलकेच फिरवावे व दुसऱ्याच्या जेवणाच्या भांड्याजवळ ठेवावे. निजण्याची फडकी अदलाबदल करावीत. ही पायरी वेगळे ठेवण्याचे दोन आठवडे संपत आल्यावर आणि दोन्ही मांजरे निरोगी असतील तरच सुरू करावी. फडक्यावर फिसकारले, तर रागावू नये. फडके थोडे दूर सरकवावे.

तिसरी : बंद दाराच्या दोन बाजूंना जेवण. दोघांची भांडी दारापासून प्रथम पाच-सहा हात दूर ठेवावीत आणि रोज थोडी जवळ आणावीत. दुसऱ्याचा वास आला, की जेवण मिळते, ही गाठ मांजराच्या मनात पक्की व्हावी लागते. याच काळात दिवसातून एकदा खोल्यांची अदलाबदल करावी, म्हणजे समोरासमोर न येता परस्परांच्या वासात वावरता येते.

चौथी : जाळीतून दर्शन. डासांच्या जाळीचे दार असेल तर उत्तम. नसेल तर दार जेमतेम चार बोटे उघडे राहील असे अडकवावे, किंवा दारात पिंजऱ्याची जाळी घट्ट बांधावी. दोघेही जेवत असताना दोन-तीन मिनिटांचे दर्शन पुरे. टक लावून पाहणे, अंग ताठरणे किंवा जेवण सोडणे दिसले, तर एक पायरी मागे यावे. मागे येण्यात वेळ वाया गेला असे समजू नये.

पाचवी : देखरेखीखाली भेट. दोघांचेही पोट भरलेले असावे, खोलीत पळायला व चढायला जागा असावी. दोरीला बांधलेले पीस किंवा चिंधी हलवत ठेवावी, म्हणजे लक्ष एकमेकांवर खिळत नाही. पहिली भेट पाच मिनिटांची. सर्व काही ठीक चालले असतानाच ती संपवावी. भेटींचा काळ रोज थोडा वाढवावा, आणि किमान दोन आठवडे शांततेत गेल्याखेरीज दोघांना घरात एकटे सोडू नये.

मुलांना या पायऱ्यांत अवश्य सामील करावे. कॅलेंडरवर रोज एक खूण : आज कोण किती जेवले, दारापासून किती अंतरावर. जे मूल पिल्लाला धरून दुसऱ्याच्या तोंडापुढे नेण्यास उतावीळ झालेले असते, तेच मूल हिशेब ठेवायला मिळाला, की उत्तम राखणदार होते.

फिसकारणे आणि भांडण यांतील भेद

फिसकारणे म्हणजे हल्ला नव्हे. ‘जवळ येऊ नकोस’ एवढाच त्याचा अर्थ आहे. तो निरोप दुसऱ्याने ऐकला आणि पाय मागे घेतला, तर संवाद यशस्वी झाला असे समजावे. एकाआड एक पाठलाग, नखे न काढता मारलेला पंजा, आळीपाळीने खाली पडणे, हा खेळ. याउलट नेहमी एकानेच पळणे व दुसऱ्याने पाठलाग करणे, कान मागे चिकटणे, केस उभे राहणे, घशातून लांबट ओरडणे, एकाने दुसऱ्याची वाट अडवून बसणे ही बिघाडाची लक्षणे होत. गुपचूप होणारा छळ तर अधिक धोक्याचा. एक मांजर दिवसभर फडताळावरून खालीच उतरत नसेल, तर घरात शांतता आहे असे मानू नये.

जेवण दीड-दोन दिवस पूर्ण बंद असणे, किंवा बोका वारंवार घमेल्यात बसून लघवी न होणे, यास ‘रुसला आहे’ म्हणू नये. मूत्रमार्ग अडणे हा बोक्याच्या जिवावरचा प्रसंग आहे. त्याच दिवशी पशुवैद्यक गाठावा.

भांडणात हात घालू नये

हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद आहे. दोन मांजरे जुंपली, तर मध्ये हात किंवा पाय घालू नये. चवळलेले मांजर समोर येईल त्याला चावते. तेव्हा त्याला घरचा-परका कळत नाही. मोठी चादर वा गोधडी दोघांवर टाकावी, किंवा मध्ये फळी, सूप, पुठ्ठा सरकवावा. वेगळी झाल्यावर लगेच कोणालाही उचलून घेऊ नये. अंधाऱ्या शांत खोलीत तास-दोन तास राहू द्यावे.

मांजराचे दात सुईसारखे असतात. जखम वरून टाचणीच्या टोकाएवढी दिसते व लवकर मिटते. आत मात्र लाळेतील जंतू खोलवर सोडलेले असतात. चोवीस तासांच्या आत हात लाल होऊन सुजणे, ठणकणे, ताप येणे असे घडू शकते. बोटांच्या सांध्यावर किंवा मनगटावर चावा असेल, तर सूज येण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

चावा वा ओरखडा, काहीही असो, पहिली कृती एकच : वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे जखम धुणे. घड्याळ लावून १५ मिनिटे. हळद, चुना, तिखट, तंबाखू यांपैकी काहीही लावू नये. जखम घट्ट बांधू नये. त्यानंतर त्याच दिवशी दवाखाना.

रेबीज मांजराकडूनही होतो, आणि लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचत नाही, हे दोन्ही ध्यानात असू द्यावे. रक्त न येता ओरखडा उमटला असेल, तर लस. रक्त आले असेल किंवा दात आत रुतला असेल, तर लसीसोबत जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही. लस आता दंडावर देतात. सरकारी रुग्णालयात त्वचेतील पद्धतीने ० (पहिला दिवस), ३, ७ व २८ या दिवशी मात्रा दिल्या जातात. पोटातील १४ इंजेक्शनांची जुनी लस देशातून केव्हाच हद्दपार झाली आहे. तिच्या भीतीने उपचार टाळू नये. चावलेले मांजर दहा दिवस नजरेखाली ठेवावे. पण त्या दहा दिवसांसाठी लस थांबवून ठेवू नये. मांजर दहाव्या दिवशी ठणठणीत असेल, तर पुढील मात्रांचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतील. धनुर्वाताची लस केव्हा झाली होती, तेही सांगावे.

ओरखड्यानंतर एक-तीन आठवड्यांनी मुलाच्या काखेत किंवा मानेत गाठ येऊन ताप आला, तर मांजराचा उल्लेख डॉक्टरांजवळ आवर्जून करावा. मांजरांच्या पिसवांतून पसरणारा एक जीवाणू असे करतो. बहुधा हा आजार आपोआप बरा होतो, पण निदान झाले म्हणजे नको त्या तपासण्या वाचतात.

घरातील कोणी जपावे?

गर्भवती स्त्रीने मांजर घरातून हाकलण्याचे कारण नाही. तिने वाळूचे घमेले साफ करू नये, एवढेच. टोक्सोप्लाझ्मा हा परजीवी मांजराच्या विष्ठेतून बाहेर पडतो, परंतु तो संसर्गक्षम होण्यास एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घरातील इतर कोणी घमेले रोज साफ केले, तर धोका पुष्कळ घटतो. हाच परजीवी कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून व न धुतलेल्या भाजीतूनही येतो, तेव्हा स्वयंपाकघरातील स्वच्छता तितकीच महत्त्वाची. शेतात खुरपण करणाऱ्यांनीही हात साबणाने धुवावेत.

दमेकरी व्यक्तीला मांजराच्या लाळेतील व त्वचेतील प्रथिनामुळे त्रास होऊ शकतो. मांजर कायमचे घेण्यापूर्वी त्या व्यक्तीला काही वेळा त्याच्या सहवासात बसवून पाहावे. निजण्याची खोली मांजरांना बंद ठेवावी. मधुमेही, कर्करोगावर उपचार घेणारे व स्टेरॉइड घेणारे यांच्यात लहान ओरखडाही चिघळतो. त्यांनी भेटीच्या दिवसांत बाजूला बसून पाहावे. पिल्लाच्या अंगावर गोल टक्कल आणि मुलाच्या हातावर गोल खाजरा चट्टा दिसला, तर ते गजकर्ण होय; दोघांवरही उपचार करावे लागतात.

घरातली औषधे व विषे

ताप आला म्हणून पॅरासिटामॉलची गोळी मांजराला देणे म्हणजे त्याला विष देणे होय. अर्धी गोळीदेखील त्याचा प्राण घेऊ शकते. आयब्युप्रोफेनही तसेच. कांदा, लसूण घातलेले कालवण देऊ नये. मोठ्या मांजरांना दूध बहुधा पचत नाही. स्वच्छ पाणी व साधे शिजवलेले मासे, कोंबडी, अंडे हा आहार बरा. शेतात उंदरांसाठी विषारी आमिष ठेवले असेल, तर मेलेला उंदीर खाऊनही मांजर मरते. मांजर पाळणाऱ्या घराने विषाऐवजी पिंजरा वापरावा.

शेवटी अपेक्षेविषयी

एवढे सारे केल्यावर दोन मांजरे एकमेकांच्या अंगावर डोके टेकून निजतील का? काही निजतात. काही आयुष्यभर एकाच ओसरीच्या दोन टोकांना बसतात, वाटेत भेटली की नजर वळवतात आणि आपापल्या घमेल्याकडे जातात. दुसऱ्या प्रकारालाही यशच म्हणावे. जेवण, शौच आणि झोप भीतीवाचून होत असेल, तर त्या घरात मांजरे सुखी आहेत. दोन-तीन महिने सबुरीने प्रयत्न करूनही रक्त निघत असेल, तर एकासाठी दुसरे चांगले घर शोधणे यात निर्दयता नाही. त्याला शेतात नेऊन सोडणे यात मात्र आहे.

पाहुणा घरी आला, की आपण त्याला आधी पाणी देतो, बसायला जागा देतो आणि मगच चौकशी करतो. मांजराच्या बाबतीतही तोच रिवाज ठेवावा. आज पिल्ले आणली असतील, तर आज एवढेच करावे : मधले दार लावावे, दोन भांड्यांत पाणी ठेवावे आणि पशुवैद्यकाकडे जाण्याचा दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवावा.